गवंड्याची मूठ

सकाळची धार काढून गवंडीण गोठ्यातून बाहेर आली, तर ओट्यावर पत्र्याची पेटी. पेटी दिसली की मागोमाग मोजणीवाली ताई असायचीच. आजही होती. ओट्याच्या कडेला बसून चपलेचा तुटलेला अंगठा जुळवत होती.

"आलीस?"

"आले. दोन महिने झाले, मावशी."

"आम्ही काही पळून जात नाही. एक जण तर मुळीच नाही."

ताई हसली नाही. उन्हात तीन मैल चालून आलेलं माणूस लगेच हसत नाही. गवंडिणीनं तिला तांब्याभर पाणी दिलं आणि दोघी आत गेल्या.

आत खाटेवर गवंडी होता. दोन वर्षांपूर्वी एका घराची भिंत छताला भिडवून तो शिडीवरून उतरला, थापी घमेल्यात ठेवली आणि जमिनीवर बसला, तो बसलाच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वाचा जाताना एक शब्द तेवढा मागं राहिला. 'आण.' चाळीस वर्षं हाताखालच्या माणसांना तो दिवसातून दोनशे वेळा म्हणत आला होता, माल आण, पाणी आण, विटा आण. इतका वापरलेला शब्द जिभेला चिकटून बसला असावा. आता तहान लागली की आण, पाठ दुखली की आण, सून तावातावानं बोलली तरी आण. गवंडिणीला हे सगळे आण वेगवेगळे ऐकू यायचे. बाकीच्यांना एकच.

ताईनं पेटीतून यंत्र काढलं. लोखंडाची कडी, मध्ये दाबायचा दांडा, वर काट्याची तबकडी. शहरातले मोठे डॉक्टर म्हातारपणावर संशोधन करत होते. अकरा गावांतले चारशे म्हातारे त्यांनी निवडले होते. दर दोन महिन्यांनी ताईनं जाऊन प्रत्येकाची मूठ मोजायची, किती किलोंचा जोर आहे ते तक्त्यात भरायचं. बदल्यात दर गुरुवारी आरोग्य खात्याची औषधांची गाडी यायची आणि गावच्या आरोग्य केंद्रासमोर उभी राहायची. ते केंद्र गवंड्यानंच बांधलं होतं. त्याला कुलूप सरकारनं लावलं होतं. दोन्ही कामं पक्की झाली होती. पंधरा वर्षांत एकही हललं नव्हतं.

गाडीतल्या सिस्टर महिन्यातून एका गुरुवारी गल्लीतून चालत यायच्या आणि गवंड्याची लघवीची नळी बदलून जायच्या. काम पंधरा मिनिटांचं. पण ते झालं नाही तर काय होतं, ते गवंडिणीनं एकदाच पाहिलं होतं. नळी तुंबली आणि गुरुवार तीन दिवस लांब होता. दुधाच्या टेंपोत कॅनांच्या मधोमध त्याला निजवून मोठ्या दवाखान्यात नेलं. टेंपो वाटेत नेहमीच्या सगळ्या ठिकाणी थांबला. दूध नासतं, माणसानं थोडी कळ काढावी, असं ड्रायव्हरचं म्हणणं. पोटाचा दगड झालेला गवंडी प्रत्येक थांब्यावर "आण, आण" ओरडत होता, आणि दूध घालायला आलेली माणसं आत डोकावून विचारत होती, "काय हवंय हो यांना?"

गाडी फक्त तक्त्यातल्या माणसांसाठी होती. आणि तक्त्याचा नियम सरळ होता. ज्याला उजवी मूठ दाबता येत नाही, त्याचं नाव बाद.

अंग गेल्यानंतरच्या पहिल्या मोजणीला काटा जागचा हलला नव्हता. ताईनं डाव्या हातात यंत्र देऊन पाहिलं. नऊ किलो भरले. तिनं वर फोन लावला. वरून उत्तर आलं, रकाना उजव्या हाताचा आहे. ताई फोन हातात धरून नुसती उभी राहिली. तेव्हा गवंडिणीनं यंत्र नवऱ्याच्या उजव्या हातात दिलं, त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दाबलं. नवव्या वर्षापासून धार काढलेला हात होता तो. काटा चोवीसवर गेला.

"लिही."

"मावशी, हे असं..."

"आत बोटं कुणाची आहेत? नीट बघ."

ताईनं नीट पाहिलं. आत बोटं गवंड्याचीच होती. तिनं चोवीस लिहिलं.

तेव्हापासून तसंच चाललं होतं. दोन वर्षं एका धिप्पाड माणसाला कुशीवर वळवायचं, उचलायचं, बसतं करायचं. गवंडिणीचे हात आणखी घट्ट झाले. चोवीसचे सव्वीस झाले, सव्वीसचे अठ्ठावीस. आज एकतीस. प्रत्येकाची तीनदा मोजायची असा दंडक होता, म्हणून तिनं तीनदा दाबलं. मग ताईनं तेच यंत्र तिच्या स्वतःच्या नावानं तिच्यापुढं धरलं. तोवर मनगट थरथरायला लागलेलं असे. सतरा भरले. मागल्या खेपेला एकोणीस होते.

"तुमची उतरत चाललीय, मावशी."

"वय झालं."

ताईनं यंत्र पेटीत ठेवलं, पण पेटी बंद केली नाही. आतून एक लांबट पाकीट काढून मांडीवर ठेवलं.

"शहरात परिषद आहे. म्हातारपण, संशोधन, खेड्यातलं आरोग्य, असं सगळं. अकरा गावांतले लोक बोलावलेत. आणि..." ती खाटेकडं बघत म्हणाली, "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ज्याचा जोर दर खेपेला वाढतोय, असा चारशेत एकच माणूस निघाला. मोठ्या डॉक्टरांना काकांना मंचावर बोलवायचंय."

"आण," गवंडी म्हणाला.

"ऐकलं मी," गवंडीण म्हणाली.

*

सून वीटभट्टीवरून आली तेव्हा तिच्या पापण्यांवरही लाल धूळ होती. मुलगा दूर ट्रक चालवत होता. घरात बायका दोघीच. सुनेनं हातपाय धुतले आणि न बोलता खाटेची पलीकडची बाजू धरली. दोघींनी मिळून गवंड्याला कुशीवर घेतलं. कमरेखाली रुपयाएवढी जखम होती, ती भरत आली होती. गवंडिणीनं ती पुसली, पावडर टाकली, चादरीची चुणी ताणून काढली. चुणी राहिली की सकाळी तिथं नवी जखम.

"थोडं कमी दाबायचं ना, आई," सून म्हणाली.

"जोर लागला की लागतो. थांबवता येत नाही."

"अहो, वीस-बावीसवर ठेवला असता काटा तर कुणी विचारलं नसतं. आपलं माणूस पहिलं यावं अशी हौस होती का?"

गवंडीण उशी सारखी करत राहिली. हौस थोडी होती. काटा वर जाताना तिला बरं वाटायचं, हे खोटं नव्हतं. गवंड्याची मूठ गावात नावाजलेली. ओल्या सिमेंटचं घमेलं तो एका हातानं वर द्यायचा. तक्त्यात तरी ती तशीच राहावी, एवढंच.

"ताप आलाय म्हणून सांगा, आणि तुम्ही एकट्या जा," सून म्हणाली. "गप्प बसा, चहा प्या, परत या."

"आण," गवंडी भिंतीकडं तोंड करून म्हणाला. भिंतीवर त्याच्याच हातच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. दार साडेसहा, खिडकी तीन, कोनाडा एक. घर बांधताना मापं तो भिंतीवरच लिहायचा. कागद हरवतो, भिंत कुठं जाते, असं म्हणायचा. तासलेली चपटी पेन्सिल अजून त्या कोनाड्यातच होती.

"काय म्हणतायत?" सुनेनं विचारलं.

"खोटं बोलू नको म्हणतायत. किंवा पाणी हवंय." गवंडिणीनं वाटीतलं पाणी चमच्यानं पाजलं. तो प्यायला. पण डोळे तिच्यावरून हलले नाहीत, म्हणजे पाणी नव्हतं.

*

परिषदेच्या सभागृहाला एकवीस पायऱ्या होत्या. कठडा नव्हता. गवंडिणीनं चढता चढता पायरीची उंची पावलानं पाहिली. नऊ इंच. गवंड्यानं बघितली असती तर बांधणाऱ्याचा उद्धार केला असता. वार्धक्यावरच्या परिषदेला आलेले म्हातारे एकमेकांचे दंड धरून वर चढले. दहा-बारा जण पहिल्या चार पायऱ्यांतच बसले, त्यांची गैरहजेरी लागली.

दारात एका मुलीनं तिच्या गळ्यात बिल्ला अडकवला. त्यावर 'सहभागी' असं छापलं होतं. खाली नावाची जागा कोरी होती.

"काका नाही आले?" मुलीनं यादीत बघत विचारलं.

"ताप आहे."

आत गारठा होता. म्हाताऱ्यांना शेवटच्या तीन रांगा दिल्या होत्या, त्यामुळं मंचावरचं बोलणं कमी आणि गारव्याच्या यंत्राची घरघर जास्त ऐकू येत होती. गवंडिणीच्या शेजारी गावातल्या न्हाव्याची आई बसली होती. साखरेच्या आजारानं तिच्या पायाला जखम होती, ती गुरुवारी गुरुवारी गाडीत बांधली जायची. ताई भिंतीला टेकून उभी होती. आपली पेटी कुणीतरी उघडणार, असं तिचं तोंड झालं होतं.

मोठे डॉक्टर बोलायला उठले. भला माणूस. दोनदा गावात येऊन गेलेला, म्हशीला घाबरलेला. त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक वर चढत जाणारी, एक खाली उतरणारी. वरची एका श्रमिक पुरुषाची, खालची त्याच्या बायकोची. एकाच घरात असं का व्हावं, याचा शोध घ्यायला हवा, असं ते म्हणाले. त्यांची एक तरुण सहकारी उठली. "सेवा करणाऱ्याची शक्ती दुसऱ्याकडं जाते का, हे बघायला पाहिजे, सर."

हुशार आहे पोरगी, गवंडिणीला वाटलं. दारापर्यंत आली. कडी तेवढी दिसली नाही.

मग आरोग्य खात्याचे साहेब उठले. त्यांना ती वर जाणारी रेघ फार आवडली होती. "हे बघा, हा पुरावाच आहे," ते म्हणाले. "खेड्यातला माणूस मुळात दणकट. कष्टानं त्याची ताकद उतारवयातही वाढते. मग दर आठवड्याला गाडी पाठवायची गरज काय? महिन्यातून एकदा पुरे. तसा प्रस्ताव आम्ही आजच पुढं पाठवू."

टाळ्या पडल्या. न्हाव्याची आईही टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवतात म्हणून. तिचा पट्टी बांधलेला पाय समोरच्या खुर्चीखाली लांब पसरलेला होता आणि पट्टीच्या कडेला पिवळा डाग होता.

गवंडीण त्या डागाकडं बघत राहिली. मग तिला दुधाचा टेंपो आठवला. अकरा गावांतून तसे टेंपो निघालेले तिला दिसले, प्रत्येक थांब्यावर थांबणारे.

ती उठली. खुर्ची करकरली. "डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "ती रेघ माझी आहे."

"हो मावशी. खालची तुमची."

"वरचीही माझी."

सभागृहात हसू फुटलं आणि लगेच विरलं. कारण म्हातारी बसली नव्हती. रांगेतून आडवी वाट काढत ती मंचाकडं निघाली होती. मंचाच्या टेबलावर दाखवायला ठेवलेलं यंत्र तिनं कुणाला न विचारता उचललं आणि दाबलं. डॉक्टरांनी तबकडीकडं पाहिलं. मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"तेहेतीस."

"घरी एकतीस येतात," गवंडीण म्हणाली. "मध्ये त्यांची बोटं असतात."

ती तरुण सहकारी वळून पडद्यावरच्या वरच्या रेघेकडं बघू लागली.

"म्हणजे ते स्वतः..." साहेबांनी विचारलं, "ते करतात काय मग?"

"पडून असतात. दोन वर्षं झाली. त्यांची ताकद वाढली नाही साहेब, आमची कुणाचीच वाढली नाही. ते सगळं खोडा, पण गाडी काढू नका." ती मंचावरच उभी राहिली, यंत्र हातात घेऊन.

अध्यक्ष म्हणाले, "आपण चहा घेऊ या."

*

चहाच्या वेळी डॉक्टर तिला शोधत पायऱ्यांवर आले. ती पायरीवर बसली होती. ते उभं राहावं की बसावं या विचारात थोडा वेळ वाकून राहिले, मग बसले.

"गाडी दर गुरुवारी राहील," ते म्हणाले. "साहेबांचा पुरावाच गेला. पण मावशी, काकांचं नाव मला ठेवता यायचं नाही. नियम आहे."

"कुणी केला?"

"मीच केला," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी. ज्याला मूठ दाबता येत नाही त्याचे आकडे घेऊन काही निघत नाही, असं तेव्हा वाटलं होतं."

"म्हणजे म्हातारपणाचा अभ्यास तुम्ही धडधाकट म्हाताऱ्यांवर करता."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. कपात चहा तसाच होता. "तीन महिने नाव राहील," ते शेवटी म्हणाले. "तिमाही संपेपर्यंत. तेवढं माझ्या हातात आहे."

तीन महिने म्हणजे तीन नळ्या. गवंडिणीनं मनात मोजलं आणि उठली.

त्या गुरुवारी सिस्टर गल्लीतून आल्या तेव्हा ती ओट्यावर वाटच बघत होती. "मला शिकवा," ती म्हणाली.

"काय?"

"नळी बदलायला."

"मावशी, वेड लागलंय का? मला तसा अधिकार नाही."

"मलाही मूठ दाबायचा नव्हता."

सिस्टरांनी खाटेकडं पाहिलं. गवंडी म्हणाला, "आण." सिस्टरांना आता थोडं थोडं कळायला लागलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "आधी हात धुवा. कोपरापर्यंत. मी सांगेपर्यंत धूत राहायचं."

पहिल्या महिन्यात तिनं नुसतं पाहिलं. दुसऱ्या महिन्यात सिस्टरांच्या हाताशी सामान दिलं. तिसऱ्या महिन्यात सिस्टर मागं हात बांधून उभ्या राहिल्या. रबरी हातमोजे घालताना गवंडिणीच्या हाताला घाम आला. नळीचं टोक कशाला लागू द्यायचं नव्हतं. चादरीला नाही, मांडीला नाही. साठ वर्षं ज्या हातांनी ओढलं, दाबलं, उचललं, ते हात हवेत धरून ती उभी होती.

"जोर लावायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "इथं जोर चालत नाही. अडलं की थांबायचं. जबरदस्ती केली की रक्त."

"धारेसारखं?"

"धारेच्या उलट."

एकदा अडलं. ती थांबली. गवंड्याचं पोट श्वासाबरोबर वर झालं, खाली झालं. खाली होताना तिनं नळी केसभर पुढं सारली, मग आणखी. थोड्या वेळानं पिशवीत पिवळी धार उतरली. सिस्टरांनी मागं बांधलेले हात सोडले. त्यांच्या तळव्यावर नखांच्या खुणा उमटल्या होत्या.

जाताना त्या एक खोका ओट्यावर विसरल्या. खोक्यात वर्षभर पुरतील एवढ्या नळ्या होत्या. "काहीही अडलं, रक्त दिसलं, की मला बोलवायचं," त्या गल्लीच्या तोंडाशी वळून म्हणाल्या. "नाव असो नसो."

*

चौथ्या महिन्यात गुरुवारी गाडी आरोग्य केंद्रासमोर उभी होती. न्हाव्याची आई काठी टेकत तिच्याकडं निघाली होती. सून त्या दिवशी भट्टीवर गेली नव्हती. तिनं पाणी उकळलं, दार लावलं आणि खाटेची पलीकडची बाजू धरली. पाऊण तास लागला. झाल्यावर सून मटकन खाली बसली आणि म्हणाली, "आई, तुमचा हात जराही हलला नाही." गवंडिणीनं मोजे काढले. मग पिशवीत धार उतरतेय ना, ते वाकून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात ओट्यावर पत्र्याची पेटी आली, आणि पेटीमागून ताई. तिच्याकडून दोनदा लेखी खुलासा मागवला होता, त्यात मधली एक खेप बुडाली होती. पण तिच्या जागी उन्हात एवढं चालायला कुणी तयार झालं नाही, म्हणून तीच राहिली होती.

"एकच नाव आहे आता," ताई यंत्र काढत म्हणाली. तिनं गवंडिणीची मूठ मोजली. मनगट ताजं होतं. तेहेतीस भरले. ताई आकडा लिहिताना थबकली. मागल्या खेपेचे सतरा शेजारीच होते.

"डॉक्टर आता तुम्हाला बोलवतील, मावशी."

"त्यांना सांग, आधी कठडा बसवा."

ताई हसली. यंत्र पेटीत ठेवायला वळली, तर खाटेवरून आवाज आला. "आण."

दोघींनी पाहिलं. गवंड्यानं डावा हात पुढं केला होता, पंजा उघडा.

गवंडिणीनं ताईच्या हातातून यंत्र घेतलं आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं. मग आपले दोन्ही हात मागं घेतले. गवंड्यानं यंत्राकडं पाहिलं, जशी तो वीट पाहायचा तसं. बोटं एकेक करून वळली. मानेची शीर वर आली, ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळली. ती पुसायला गवंडीण पुढं झाली नाही. काटा हलला, थबकला, पुन्हा हलला.

"बारा," ताई हळूच म्हणाली. "पहिल्या वेळी नऊ होते." तिनं तक्ता उचलला आणि परत खाली ठेवला. "डाव्याला रकाना नाही, मावशी. आणि नावही नाही."

गवंडिणीनं कोनाड्यातली चपटी पेन्सिल काढून ताईच्या हातात दिली आणि भिंतीकडं बोट केलं. दार साडेसहा, खिडकी तीन, कोनाडा एक. त्याखाली ताईनं ठळक अक्षरात लिहिलं, डावी मूठ बारा.

गवंड्यानं मान वळवून ते वाचलं. नीट लिहिलंय की नाही, ते पाहिलं. मग यंत्र परत दिलं.